कोंबडीच्या पिल्लांसाठी घरगुती ब्रूडर: ऊब मोजून द्या, दिवा घट्ट बांधा

पिल्लं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीकडे कधीतरी तासभर निवांत बसून पाहा. पिल्लं दिवसभर तिच्या पोटाखाली बसून राहत नाहीत. बाहेर येतात, दाणे टिपतात, माती उकरून पाहतात, अंगाला गार लागलं की धावत पंखाखाली शिरतात आणि ऊब भरली की पुन्हा एकेक डोकं बाहेर येतं. कुणाला किती ऊब द्यायची याचा हिशेब कोंबडी करत नाही. ती जागेवर असते, बाकीचं पिल्लू ठरवतं.

घरच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे कोंबडीशिवाय पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्यात, हेच जमवायचं असतं. खोक्याच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मधे मोकळी वाट. अख्खं खोकं एकसारखं तापवलं की पिल्लाला निवड उरत नाही. गरम झालं तरी तिथेच धापा टाकत बसावं लागतं. आणि दुसरं, ऊब देणारा दिवा पडूच शकणार नाही असा टांगायचा. या दोन गोष्टींवर मी खाली जास्त वेळ घालवणार आहे. पहिली चुकली तर पिल्लं जातात, दुसरी चुकली तर घरसुद्धा जाऊ शकतं.

पिल्लाला बाहेरची ऊब का लागते

मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ते ती स्वतः टिकवते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला ते जमत नाही. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते आणि ती भिजली की तिचा काहीच उपयोग राहत नाही. शरीर इतकं लहान की आतली उष्णता भराभर बाहेर जाते. दोन-तीन आठवड्यांत शरीर स्वतःची उष्णता बरी सांभाळायला लागतं, पण अंगभर पिसं यायला पाच-सहा आठवडे जातात. तोवरची उणीव आपण भरून काढायची.

गारठलेलं पिल्लू खात नाही. खात नाही म्हणून अंगात उष्णता तयार होत नाही, म्हणून ते आणखी गारठतं. पहिल्या तीन दिवसांत दगावणारी बरीच पिल्लं याच चक्रात सापडलेली असतात आणि आपण मात्र खाद्याला किंवा रोगाला दोष देत बसतो. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते दोनेक दिवस काढू शकतं, प्रवासही सोसतं. पण तो साठा नीट जिरायलासुद्धा ऊब लागते.

किती ऊब

आकडे सोपे आहेत. दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचे:

पहिला आठवडा: ३३ ते ३५ अंश
दुसरा: ३० ते ३२
तिसरा: २७ ते २९
चौथा: २४ ते २६
पाचवा: २१ ते २३

म्हणजे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. हे आकडे फक्त उबेच्या टोकाचे आहेत. गार टोक पहिल्या आठवड्यातही २५-२६ अंशांवर असलं तर काही बिघडत नाही, उलट तसंच हवं. थर्मामीटर भिंतीला वर टांगला तर तो वरच्या हवेचं तापमान सांगतो आणि गरम हवा वरच जमते. तो खाली अंथरलेल्या भुशापासून (छिलके किंवा तूस, त्याबद्दल पुढे) पाच-सहा सेंटिमीटर वर बांधा. जमलं तर दोन घ्या, दोन्ही टोकांना एकेक.

ऊब कशाची द्यायची

पर्याय तीन-चार आहेत आणि सगळे सारखे नाहीत.

*ऊब देणारी पाटी.* पायांवर उभी राहणारी सपाट पाटी, खालून तापते, पिल्लं तिच्याखाली शिरून पाठ टेकवतात. परवडत असेल तर मी हीच घ्या म्हणेन. विजेवर फार थोडी चालते, प्रकाश नसतो म्हणून पिल्लांना रात्रीचा अंधार मिळतो, आणि आगीची भीती सगळ्यांत कमी. पाटीची उंची सर्वांत बुटक्या पिल्लाच्या पाठीला टेकेल इतकी ठेवायची, एक बाजू किंचित वर. एक लक्षात असू द्या: पाटी हवा तापवत नाही, टेकलेलं अंग तापवते. त्यामुळे शेजारी ठेवलेला थर्मामीटर वरच्या आकड्यांपेक्षा कमी दाखवेल. घाबरू नका, पिल्लांकडे पाहा. खोली फारच गारठलेली असेल तर मात्र पाटी एकटी पुरी पडत नाही.

*साधा तारेचा पिवळा बल्ब.* तो घेतलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो, आणि आपल्याला इथे तेच हवं आहे. एलईडी किंवा सीएफएल दिव्याने प्रकाश पडेल, ऊब मिळणार नाही. ही चूक अजूनही होते. दिवा लख्ख पेटलेला आणि पिल्लं त्याच्याखाली कुडकुडताना मी पाहिली आहेत. ढोबळ हिशेब पिल्लामागे दोन वॅट. २० पिल्लांना ४० वॅट, थंडी असेल तर ६० ते ८०. ८० वॅट लागणार असतील तर एक मोठा घेण्याऐवजी ४० चे दोन घ्या आणि वेगवेगळ्या होल्डरमध्ये, पण एकाच टोकाला लावा. मध्यरात्री एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत तग धरून देतो.

*२५० वॅटचा लाल दिवा.* हा मोठ्या, मोकळ्या जागेत अधिक पिल्लांसाठी असतो. छोट्या खोक्यात तो लावला की खोक्याची भट्टी होते आणि ब्रूडरच्या आगीत बहुधा हाच दिवा असतो. वीस-पंचवीस पिल्लांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. लाल रंगाचा फायदा खरा आहे. लाल उजेडात पिल्लं शांत राहतात, एकमेकांना टोचणं कमी होतं. पण लाल काचेचे कमी वॅटचे बल्बही मिळतात.

*प्रकाश न देणारा चिनीमातीचा हीटर.* चांगला आहे, फक्त तो चालू आहे की बंद हे पाहून कळत नाही. हाताने तपासायला गेलात तर भाजेल. थर्मामीटरवर विसंबा.

दिवा कुठलाही घ्या, पण "न फुटणारा" असं लिहिलेल्या बल्बचं वेष्टण नीट वाचा. काही बल्बना बाहेरून न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तसला पीटीएफई किंवा टेफ्लॉनचा थर दिलेला असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. माणसाला वासही येत नाही आणि अख्खा घोळका काही तासांत जातो. असला बल्ब पिल्लांच्या खोलीतही नको.

कोळशाची शेगडी, कंदील किंवा मेणबत्ती बंद जागेत कधीच नको. आगीचा धोका आहेच, शिवाय कोळशाचा विषारी वायू पिल्लांबरोबर माणसालाही सोडत नाही.

खोकं

२० पिल्लांसाठी १२० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद आणि ५० ते ६० उंच असं प्लायवुडचं खोकं करा. पिल्लामागे साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा झाली. ती दोन-तीन आठवडे पुरते, मग दुप्पट लागते. लांबट आकार मुद्दाम सांगतोय. चौकोनी छोट्या खोक्यात गार टोक उरतच नाही.

पुठ्ठ्याचं खोकं पाटीबरोबर चालेल. बल्बबरोबर नाही. प्लास्टिकचा टबही दिव्याजवळ मऊ पडतो, वाकतो. पत्र्याचा मोठा टब असेल तर उत्तम, फक्त थंडीत त्याला बाहेरून गोणपाट बांधा, पत्रा गार पडतो. गोणपाट दिव्यापासून दूर, टबाच्या बाहेरच राहील हे पाहा.

कोपरे गोल करा. घाबरली किंवा गारठली की पिल्लं कोपऱ्यात घुसतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. प्लायवुडची वीतभर रुंदीची फळी प्रत्येक कोपऱ्यात तिरकी ठोकली तरी काम होतं.

वरून बारीक जाळीची चौकट, छिद्र १२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान. मोठ्या छिद्रांतून उंदीर येतो, छोटा सापही येतो. चौकटीला कडी हवी, मांजर नुसतं ठेवलेलं झाकण सहज सरकवतं. जाळी हवेशीर असते, हीही महत्त्वाची गोष्ट. ऊब टिकवायची म्हणून खोकं वरून पूर्ण बंद करू नका. ओलावा आणि वास आत कोंडतो, मग पिल्लं शिंकायला लागतात. फार थंडी असेल तर गार टोकाकडच्या अर्ध्या जाळीवर फळी टाका. चादर, गोधडी, पोतं दिव्याच्या आसपास आणायचं नाही. वाऱ्याने किंवा मांजराच्या उडीने सरकलेलं कापड दिव्यावर पडायला वेळ लागत नाही.

खोकं ठेवायची जागा कोरडी, झोताच्या वाऱ्यापासून आडोशाची, आणि दिवसातून दहा वेळा तुमची नजर जाईल अशी. मागच्या पडवीत, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे ठेवलेल्या ब्रूडरमध्ये काय बिघडलं ते सकाळीच कळतं.

दिवा टांगणं

माझ्या पहिल्या खेपेला दिवा दुकानातून आला तसा, त्याच्या स्प्रिंगच्या चिमट्यावर, खोक्याच्या कडेला लावला होता. तिसऱ्या रात्री चिमटा सटकला. दिवा जाळीत अडकून वाकडा लोंबत राहिला आणि खालच्या भुशावर तपकिरी डाग पडून जळका वास सुटला. मी योगायोगाने जागा होतो. पिल्लं गार टोकाला गोळा होऊन बसली होती. त्यांच्यापाशी तेवढी जागा होती म्हणून वाचली. त्या रात्रीनंतर मी एकाच आधारावर दिवा कधी लावलेला नाही, आणि तुम्हीही लावू नका अशी कळकळीची विनंती आहे.

१. खोक्याच्या दोन लांब बाजूंना, उबेच्या टोकापासून ४० सेंटिमीटरवर, समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा. खिळे नको, ते ढिले होतात. वर आडवी लाकडी पट्टी किंवा लोखंडी नळी स्क्रूने बसवा. जाळीची चौकट दोन भागांत केली तर ती या आडव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी उघडता येते.

२. होल्डर चिनीमातीचा घ्या. प्लास्टिकचा होल्डर उष्णतेने ठिसूळ होतो आणि बल्ब एक दिवस होल्डरसकट खाली येतो. होल्डरवर किती वॅटपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. दिव्याला धातूची टोपी असेल तर ऊब खाली जाते.

३. टोपीला खालून तारेची जाळी हवीच. उडालेलं पिल्लू काचेला टेकत नाही आणि बल्ब सुटला तरी जाळीत राहतो.

४. दिवा साखळीने टांगा. साखळीचं बरं असं की एकेक कडी वर घेत उंची बदलता येते. मग दुसरा आधार: जाड लोखंडी तार, टोपीच्या वेगळ्या भोकातून, आडव्या पट्टीच्या वेगळ्या हुकाला. ही तार साखळीपेक्षा फक्त चार बोटं सैल ठेवायची. विजेच्या वायरला दिव्याचं वजन कधीही पेलायला लावू नका. वायर साखळीबरोबर सैलसर बांधून वर न्या आणि खोक्याबाहेर काढा.

५. आता परीक्षा. दिवा बंद आणि थंड असताना साखळी हुकातून मुद्दाम काढा. दिवा चार बोटं खाली येऊन तारेवर अडकला पाहिजे, भुशापासून वीतभर तरी वर. मग वायर हलकी ओढून पाहा, खोक्याला धक्का द्या, कुणीतरी अडखळलं तर काय होईल ते करून पाहा. ही परीक्षा पास होईपर्यंत प्लग लावायचा नाही. पुढे दर आठवड्याला साखळी वर घेताना तारही तेवढीच आखूड करायची, हे विसरायला फार सोपं आहे.

६. सुरुवातीला दिवा भुशापासून ४५ सेंटिमीटरवर ठेवा. ऊब कमी वाटली तर एकेक कडी खाली आणा, पण ३० च्या खाली नाही. तरी पुरत नसेल तर वॅट वाढवा किंवा खोली उबदार करा. दिवा भुशाजवळ नेणं हा उपाय नव्हे. बाजूच्या भिंतीही दिव्यापासून ३० सेंटिमीटर तरी दूर हव्यात.

वायरचं थोडं राहिलं. ती भुशाखालून किंवा कडेच्या फटीत दाबून नेऊ नका. उंदीर कुरतडतात आणि दिसतही नाही. प्लगकडे जाताना वायर आधी थोडी खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. एका जुन्या एक्स्टेंशन बोर्डावर चार गोष्टी लावू नका. विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा ब्रेकर घरात असेल तर ब्रूडर त्याच लाइनवर घ्या. खोलीच्या छताला धुराचा अलार्म लावता आला तर लावा. आणि दर दोन-तीन दिवसांनी दिवा बंद करून, थंड होऊ देऊन, बल्बवरची आणि टोपीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. भुशाची बारीक धूळ आणि पिसांची लव यांचा थर तिथे कल्पनेपेक्षा लवकर साचतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून दिवा आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, लावणार असाल तर त्याच्या तापमान मोजणाऱ्या टोकाची जागा हे सगळं काम आहे. ते टोक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, दिव्याच्या वर्तुळाच्या आत, तारेने घट्ट बांधा. सैल सोडलं तर पिल्लं त्यावर बसतात, यंत्राला वाटतं गरम झालं आणि दिवा बंद होतो. किंवा ते गार टोकाला ओढलं जातं आणि दिवा बंदच होत नाही.

खाली काय अंथरायचं

रंधा मारताना निघणारे लाकडाचे छिलके किंवा भाताचं तूस, पाच ते सात सेंटिमीटर जाड. करवतीचा पिठासारखा भुसा नको, पहिल्या दिवसांत पिल्लं तो खाद्य समजून खातात आणि धूळही फार होते. पहिले दोन-तीन दिवस छिलक्यांवर खरखरीत कापड किंवा गोणपाट सपाट आणि कडा दाबून पसरा, म्हणजे त्यावर टाकलेलं खाद्य पिल्लांना ओळखता येतं. गुळगुळीत वर्तमानपत्र नुसतं अंथरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि काही दिवसांत ते तसेच वाकडे राहतात. फाकलेले पाय लवकर लक्षात आले तर मऊ पट्टीने दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर सैल जोडून दोन-तीन दिवस ठेवले की बहुधा सुधारतात.

पिल्लं यायच्या आधीचा दिवस

ब्रूडर चोवीस तास आधी चालू करा. हवा तासाभरात तापते, पण खालची गादी आणि फळी तापायला वेळ लागतो, आणि पिल्लाचे पाय तर खालीच असतात. या चोवीस तासांत रात्रीचा गारठाही येऊन जातो. पहाटे उठून दोन्ही थर्मामीटर पाहा. दुपारी ३४ दाखवणारं टोक पहाटे २८ वर आलेलं दिसलं, तर ते पिल्लं येण्याआधी कळलेलं बरं.

पिल्लं सोडताना

घरीच अंडी उबवली असतील तर पिल्लं पूर्ण कोरडी, फुगलेली होईपर्यंत उबवणी यंत्रातच राहू द्या. प्रवासातून आली असतील तर आधी पाणी, मग खाद्य. पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा किंचित कोमट. प्रत्येक पिल्लाला हातात घेऊन चोच पाण्यात क्षणभर टेकवा आणि दिव्याच्या वर्तुळात सोडा. दोन-तीन शिकली की बाकीची पाहून शिकतात, पण मी तरी एकेकाला पाजतो. त्या निमित्ताने प्रत्येकाचे डोळे, पाय, पोट नजरेखालून जातं.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे घाला. पिल्लं अंगठ्याएवढ्या खोल पाण्यातही बुडतात, आणि भिजलेलं पिल्लू बुडालं नाही तरी गारठून जातं. भांडं दिव्याच्या बरोबर खाली नको, पाणी तापतं. शिवाय पंखांनी उडालेला थेंब तापलेल्या काचेवर पडला तर बल्ब तडकतो. फार लांबही नको. उबेच्या वर्तुळाच्या काठावर, अर्धवट गार बाजूला, ही योग्य जागा. खाद्य पिल्लांसाठीचं बारीक स्टार्टर, दिवसरात्र समोर.

त्या रात्री झोपण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाचसहा पिल्लं उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी हळूच चाचपा. भरलेली, मऊ, लापशीसारखी लागली तर ऊब, पाणी, खाद्य तिन्ही जुळलं. रिकामी असेल तर पिल्लू गारठलंय किंवा त्याला पाणी सापडलेलं नाही. कडक असेल तर खाल्लंय पण प्यालं नाही. त्याच वेळी पिल्लाचे पाय तुमच्या गालाला लावून पाहा. पाय गार लागले तर गादी गार आहे, थर्मामीटर काहीही म्हणो.

पिल्लं काय सांगतात

दिवा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं लांबून, आवाज न करता बघत बसा. थर्मामीटर एका जागेचं सांगतो, पिल्लं अख्ख्या खोक्याचं सांगतात.

दिव्याखाली गच्च गोळा होऊन, एकमेकांवर चढून, मोठ्याने आणि न थांबता चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. दिवा एक-दोन कड्या खाली घ्या किंवा वॅट वाढवा, आणि पुन्हा पाहायला अर्धा तास थांबा. लगेच बदलत राहिलात तर काहीच कळणार नाही.

दिव्यापासून लांब, भिंतींना चिकटून, चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, आवाज नाही: उकडतंय. ही शांतता फसवी असते. नवशिक्याला वाटतं, पिल्लं निवांत झोपली. अतिउष्णतेने पिल्लं पाणी गमावतात आणि गारठ्याइतकीच पटकन जातात. दिवा वर घ्या.

सगळी एकाच बाजूला, दिव्याशी संबंध नसल्यासारखी गोळा झालेली असतील तर समोरच्या बाजूने वारा येतोय. उदबत्तीचा धूर खोक्याच्या बाहेर कडेला धरून पाहा, फट कुठे आहे ते दिसेल. फट बुजवली की ती परत पसरतात. इथे दिवा हलवून उपयोग नसतो.

काही खातायत, काही पळतायत, काही दिव्याच्या वर्तुळाच्या काठावर पाय पसरून झोपलीयत, आणि मधूनमधून बारीक, समाधानी किलबिल: बरोबर आहे, हात लावू नका. पाय मागे टाकून मान लांब करून झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा पाहणाऱ्याला मेल्यासारखं वाटतं. ते फक्त गाढ झोपलेलं असतं.

एकच पिल्लू सतत दिव्याखाली, डोळे मिटून, पंख पाडून बसत असेल आणि बाकी सगळी नीट असतील, तर प्रश्न उबेचा नाही, त्या पिल्लाचा आहे. त्याला वेगळं, उबदार खोक्यात काढून पाहा.

वीज गेली तर

हे आधी ठरवून ठेवा, रात्री दोनला सुचत नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी, हाताला सोसेल इतकंच, भरून झाकण घट्ट करा, प्रत्येक बाटली जाड फडक्यात गुंडाळा आणि उबेच्या टोकाला उभी रचून बाजूंना टेकू द्या, म्हणजे घरंगळून पिल्लावर येणार नाही. दिव्याचा प्लग काढा. दिवा पूर्ण थंड झाला की जाळीवर गोधडी टाकता येते, पण एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा. दीड-दोन तासांनी बाटल्या बदला. वीज आल्यावर आधी गोधडी काढायची आणि मगच प्लग लावायचा. हा क्रम कागदावर लिहून खोक्याला चिकटवा, कारण त्या वेळी घरात दुसरंच कुणी असू शकतं. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरवर पाटी चालवणं सर्वांत सोयीचं, तिला वीज थोडीच लागते.

अगदी गारठून निपचित पडलेलं पिल्लू सापडलं तर त्याला दिव्याच्या जवळ टाकू नका. आधी हातात, कपड्याच्या आत अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या. मान धरायला लागल्यावर चोचीच्या कडेला साखरपाण्याचा थेंब लावा. घशात ओतायचं नाही.

पुढचे आठवडे

रोज ओला भुसा काढा, विशेषतः पाण्याभोवतीचा. गुडघ्यावर बसून नाक पिल्लांच्या उंचीवर आणा. उभ्याने न येणारा अमोनियाचा झोंबरा वास तिथे येतो आणि पिल्लं चोवीस तास तिथेच श्वास घेतात. ओली, उबदार गादी रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला आमंत्रण देते. तिसऱ्या आठवड्यापासून शिटेत रक्त दिसलं, पिल्लं पिसं फुगवून मलूल बसली तर दिवस न घालवता पशुवैद्याला दाखवा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाची शिटेची जागा पाहा. गारठा, जास्त उष्णता किंवा प्रवासाचा ताण यांनी शीट तिथे चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा, ओढू नका, आणि पिल्लू पूर्ण कोरडं करूनच परत सोडा. पोटाच्या मधोमध असलेली काळसर खपली मात्र बेंबीची असते. तिला हात लावू नका. या दोन जागांत गफलत होऊन पिल्लं गेलेली आहेत.

पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. अगदी लहान मुलांना पिल्लं दुरूनच दाखवा, गालाला लावू देऊ नका.

ऊब काढून घेताना

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं दिव्याखाली यायचंच सोडून देतात, ती स्वतःच सांगतात. आधी दुपारी दिवा बंद करा, संध्याकाळी लावा. चार-पाच दिवस असं जमलं आणि रात्रीचं खोलीतलं तापमान २० अंशांच्या वर असलं की रात्रीही बंद ठेवून पाहा. थंडी असेल तर पाठीवर आणि मानेवर पिसं पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे सहाव्या आठवड्यापर्यंत थांबा. घाई करून काही मिळत नाही. ऊब काढण्याचा आणि बाहेरच्या खुराड्यात हलवण्याचा दिवस एकच ठेवू नका. एका वेळी एकच बदल.

दिवा नसलेल्या पहिल्या रात्री एकदोनदा उठून टॉर्च घेऊन जा. प्रकाश थेट त्यांच्यावर न टाकता भिंतीवर टाका. कोपऱ्यात ढीग झालेला दिसला तर दिवा परत लावा आणि आठवडाभर थांबा. शेजारी शेजारी, सैल रांगेत, माना पिसांत खुपसून बसलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी आणि तार सोडवा, दिवा पुसून ठेवा, खोकं रिकामं करून घासा आणि उन्हात पालथं घाला.